न लागणारी कावीळ

केदारखेड्यात लग्न असो, बारसं असो नाहीतर सप्त्याचा भंडारा, भट्टीपाशी रखमाजी असायचेच. ते काही पेशानं आचारी नव्हते. घरची मिरची-मक्याची शेती होती, खाऊनपिऊन सुखी घर. पण पन्नास माणसांची आमटी असो की हजाराची, मीठ किती पडायचं ते त्यांच्या हाताला कळायचं. आमटीचा थेंब तळहातावर घ्यायचे, जिभेला लावायचे, क्षणभर डोळे मिटायचे आणि मग मुठीनं मीठ टाकायचे. ती मूठ कधी चुकली नाही. सगळ्या पंगती उठल्या की शेवटी बसायचे, दोन घास खायचे, खांद्यावरचा टॉवेल झटकून घरी यायचे. गावात त्यांना जो मान होता तो या हाताचा होता.

त्या वर्षी होळीच्या आसपास त्यांचे डोळे पिवळे दिसायला लागले. पहिल्यांदा ते सुनेच्या ध्यानात आलं. अर्पिता जालन्यातल्या मस्तगडची, विज्ञानाची पदवी घेतलेली, भोकरदनच्या एका शाळेत सातवी-आठवीला शिकवायची. नवरा भारत शेती बघून भोकरदनला खतं-बियाण्यांचं दुकान चालवायचा. त्यांची मुलगी अंतरा अंगणवाडीत जात होती.

"आबा, इकडं उजेडात या बरं," अर्पिता म्हणाली. त्यांची खालची पापणी तिनं बोटानं ओढून बघितली. "कावीळ आहे ही."

काविळीचा धडा ती दरवर्षी शिकवायची. दूषित पाणी, दूषित अन्न, हात न धुणं. त्याच दिवशी तिनं आबांचं ताट, तांब्या, पेला वेगळा केला. त्यांचं अंथरूण बाहेरच्या खोलीत टाकलं. अंतराला सांगितलं, "आबांच्या मांडीवर बसायचं नाही. हात लावला की आपणपण पिवळं होतो."

रखमाजींनी कुरकुर केली नाही. "बराबर हाय. पोर लहान हाय," एवढंच म्हणाले. आपलं ताट आपण घासून ओट्याच्या कडेला पालथं घालायला लागले. सासू सोनूबाईंना मात्र ते पटलं नाही. नवऱ्याचं जेवण झालं की त्याच ताटात स्वतःला वाढून घ्यायच्या आणि सुनेच्या समोर बसून जेवायच्या.

"आई, असं करू नका. तुम्हाला लागण होईल."

"होऊ दे," सोनूबाई म्हणाल्या.

दवाखान्याचं निघालं तेव्हा अर्पिताच म्हणाली होती, की या काविळीला औषध नसतं, विश्रांती घ्यायची, तेलकट टाळायचं, आपोआप उतरते. शिकलेली सून सांगतेय म्हटल्यावर कोणी वाद घातला नाही. शेजारच्या द्वारकाबाईंनी कुठूनशी काविळीची माळ आणून रखमाजींच्या गळ्यात घातली. कावीळ उतरेल तशी माळ लांबत जाते, असं त्या म्हणाल्या. अर्पिताला हसू आलं. पण माळेनं काही बिघडत नाही म्हणून तिनं ते चालू दिलं.

सप्त्याचा शेवटचा दिवस आला. भंडाऱ्याचं सगळं पुंजाराम बघायचे. त्यांनी नेहमीसारखा निरोप पाठवला. अर्पितानं सकाळी शाळेत जाताना बजावलं, "आबा, आज जाऊ नका."

"नुसता बसून सांगतो. हात लावत न्हाई कशाला."

दुपारी ती अंतराला घेऊन थेट मारुतीच्या देवळाकडं आली. अंगणवाडीची पोरं पहिल्या पंगतीला बसली होती, पत्रावळी मांडून झाल्या होत्या. भट्टीपाशी रखमाजी उभे होते. तिच्या देखत त्यांनी पळीतला थेंब तळहातावर घेतला, चाटला, आणि त्याच हातानं डेगीत मीठ टाकलं.

अर्पितानं अंतराचा हात सोडला. ती पुढं झाली.

"पुंजारामकाका, थांबा! ही आमटी पोरांना वाढू नका. आबांना कावीळ झालीय. त्यांच्या हातचं कुणी खाऊ नका."

ती मोठ्यानं बोलली. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जावं असा आवाज काढायची तिला सवय होती. पुऱ्या लाटणाऱ्या बायांचे हात थांबले. एका आईनं आपलं पोर पंगतीतून उचललं, मग दुसरीनं. पुंजाराम कधी रखमाजींच्या तोंडाकडं, कधी डेगीकडं बघत राहिले.

"रखमाजी, तुमी जरा सावलीला बसा," शेवटी ते म्हणाले.

चौघांनी डेग उचलली आणि नदीकडच्या उतारावर पालथी केली. वाफेचा मोठा लोट उठला. रखमाजी सावलीला बसले नाहीत. आमटी मातीत मुरेपर्यंत ते तिथंच उभे राहिले. मग टॉवेलला हात पुसले आणि खाली मान घालून घराकडं चालायला लागले. त्यांना वाट द्यायला माणसं बाजूला झाली. जरा जास्तच बाजूला झाली.

संध्याकाळी भारत म्हणाला, "घरी बोलवून घेऊन सांगता आलं असतं."

"तोवर पोरं जेवली असती," अर्पिता म्हणाली. आपण बरोबर होतो याची तेव्हा तिला खात्री होती.

त्या दिवसानंतर रखमाजी घराबाहेर पडेनात. अंगाला खाज सुटली होती. आधी तळहात-तळपाय, मग सगळं अंग. दाराच्या चौकटीला पाठ घासत उभे राहायचे. लिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं आंघोळ करून झाली, खोबरेल चोळून झालं. खाजवून खाजवून पोटऱ्यांवर रक्ताच्या रेघा उठल्या. परसाकडला पांढुरक्या मातीसारखं व्हायला लागलं, ते त्यांनी लाजेनं फक्त बायकोला सांगितलं. जेवण तुटलं. अंगातला सदरा खुंटीला अडकवल्यासारखा दिसायला लागला. माळ तेवढी लांबत चालली होती.

एके दिवशी सोनूबाई भारतसमोर उभ्या राहिल्या. "ही साधी कावीळ न्हाई. मला विज्ञान कळत न्हाई, पर माणूस सरून राह्यलाय ते दिसतंय. घेऊन चल त्यांना."

भोकरदनला सोनोग्राफी झाली. तिथल्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि चिठ्ठी लिहून संभाजीनगरला पाठवलं. तिथं मोठ्या मशिनीत तपासणी झाली, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टर अरुंधतींनी भारत आणि अर्पिताला आपल्या खोलीत बसवलं. पन्नाशीच्या शांत बाई होत्या. टेबलावरच्या कागदावर त्यांनी पेननं चित्र काढलं.

"यकृतात पित्त तयार होतं. ते या बारीक नळीतून आतड्यात उतरतं. वाटेत हे स्वादुपिंड. त्याच्या डोक्याशी गाठ झालीय, आणि तिनं नळी बाहेरून आवळलीय. पित्त तुंबून रक्तात चढलं, म्हणून डोळे पिवळे आणि म्हणून ती भयंकर खाज."

"गाठ म्हणजे..." भारत थांबला.

"कॅन्सर. यकृतातही ठिपके आहेत. त्यामुळं गाठ काढण्यासारखी राहिलेली नाही."

भारत टेबलाची कडा धरून बसला. अर्पितानं विचारलं, आणि विचारताना तिचं तिलाच कळलं की कॅन्सर ऐकूनही आपण आधी हेच का विचारतोय, "म्हणजे ही पसरणारी कावीळ..."

"नाही. ही कुणालाच लागत नाही. लागणारी नव्हतीच कधी."

अर्पितानं चित्राचा कागद आपल्याकडं ओढला. मग हळू आवाजात म्हणाली, "आम्ही आधी आलो असतो तर?"

डॉक्टर अरुंधतींनी तिला खोटा दिलासा दिला नाही. "आजार बहुतेक तेव्हाही एवढाच पुढं गेलेला असणार. पण खाज इतके दिवस सोसावी लागली नसती."

मग त्यांनी पुढचं सांगितलं. तोंडातून दुर्बीण घालून आत जायचं, आवळलेल्या जागी तारेच्या जाळीची एक नळी बसवायची. ती आत उघडते आणि वाट मोकळी धरून ठेवते. पोट फाडायचं नाही. "आपण गाठीला हात लावणार नाही, फक्त वाट उघडतोय. खाज थांबेल, डोळ्यांचा पिवळेपणा उतरेल, भूक थोडी परत येईल. आजार जाणार नाही."

त्या वॉर्डात राउंडला गेल्या तेव्हा अर्पिता मागोमाग होती. नर्स रखमाजींना पाणी द्यायला वाकली तसे त्यांनी दोन्ही हात वर केले.

"बाई, लांबून. खाली ठिवा पेला. मला लागण हाय."

"कोण म्हणालं असं?" डॉक्टरांनी विचारलं.

रखमाजींचा पिवळा चेहरा जरासा उजळला. "आमची सून शिकल्याली हाय ना, विज्ञानाची मास्तरीण. तिनंच वळखलं पहिल्यांदा. गावातल्या कितीक पोरांना वाचवलं तिनं. मी येड्यावानी भंडाऱ्याला हात लावून राह्यलो व्हतो."

त्यांना अभिमान वाटत होता. नर्सनं वळून अर्पिताकडं बघितलं. डॉक्टरांनीही बघितलं, पण लगेच नजर काढून घेतली. ते जास्त लागलं. अर्पिता पायाच्या अंगठ्यानं फरशी दाबत उभी राहिली. 'आबा, तसं नाही' हे तीन शब्द तिच्या तोंडात आले आणि तिथंच थांबले. कारण कॉरिडॉरमध्ये भारतनं तिला शपथ घातली होती, आबांना काही सांगायचं नाही. नळीत खडा आहे, एवढंच सांगायचं.

नळी बसली. दोन-चार दिवसांत खाज ओसरली. रखमाजींना पहिल्यांदा सलग झोप लागली तेव्हा सोनूबाई खाटेशेजारी बसून नुसत्या बघत राहिल्या होत्या. गावी आल्यावर हळूहळू डोळे पांढरे झाले. ते एका सकाळी ओट्यावर बसून मऊ भात खात होते, तेव्हा अंतरा दाराआडून आली, हातभर अंतरावर थांबली.

"आबा, डोळे दाखव."

रखमाजींनी डोळे मोठे केले. तिनं नीट बघितलं, आईकडं बघितलं, आणि मग म्हणाली, "आई, आता लागतं का?"

"नाही," अर्पिता तिच्या कानाशी वाकून म्हणाली. "आधीपण लागत नव्हतं. मी चुकीचं सांगितलं होतं."

पोरीला ते कळलं नाही. ती आजोबांच्या जवळ गेली, पण मांडीवर बसली नाही. बोटानं त्यांच्या गुडघ्याला शिवली आणि स्वतःचं बोट निरखत आत पळाली.

रखमाजी अजून आपलं ताट आपणच घासत होते. अर्पितानं ते हातातून घ्यायला बघितलं तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे बाई. खडा काढला तरी इख अंगात असतंय थोडं."

गावातलंही काही बदललं नव्हतं. पूर्वी ओट्यावर कोणी ना कोणी बसलेलं असायचं, आता माणसं रस्त्यावरूनच "बरं हाय ना?" म्हणून पुढं जायची. चहा विचारला की घाईत असायची. पुंजारामच्या मुलीचं, बेबीनंदाचं लग्न ठरलं. रखमाजींनी टॉवेल धुऊन वाळत घातला आणि बोलावण्याची वाट बघत राहिले. हळदीच्या दिवशी कळलं, सिल्लोडहून आचारी आणलाय. घरच्यांना जेवायचं आवतन होतं, आबांना भट्टीचं नव्हतं.

"मी जाऊन सांगते पुंजारामकाकांना," अर्पिता नवऱ्याला म्हणाली. "ती कावीळ लागणारी नव्हतीच असं सांगते."

"मंग काय व्हती, असं विचारतील. काय सांगशील?"

"खरं सांगेन."

"आन् संध्याकाळपर्यंत ते आबांच्या कानावर येईल. कॅन्सर म्हणल्यावर ते तिथंच खचतील. बिलकुल न्हाई. हात जोडतो तुला."

ती तरी एकदा द्वारकाबाईंना म्हणाली, की आबांना आता काही नाही, कावीळ गेली. द्वारकाबाईंनी मान हलवली. "तूच म्हणलीती ना, ती पाण्यातून, अन्नातून जाते म्हणून? ध्यानात ठिवलंय आम्ही." तिनंच शिकवलेला धडा गावानं चांगला पाठ केला होता, आणि आता पुसायचा तर त्याच्या जागी जे लिहायचं होतं ते लिहायची तिला बंदी होती.

लग्नात आबा गेले नाहीत. अर्पिता गेली. बायका तिला आदरानं जागा देत होत्या. तिनं पानातली आमटी तशीच ठेवली.

पावसाळा सरत आला आणि रखमाजींना उलट्या सुरू झाल्या. सकाळचं खाल्लेलं संध्याकाळी जसंच्या तसं बाहेर पडायचं. दोन घासांत पोट तट्ट व्हायचं. ते गोठ्यामागं जाऊन उलटी करायचे आणि वर माती टाकून यायचे. कोणाला कळू नये म्हणून धडपडायचे. एकदा अर्पिता मागं गेली. ते भिंतीला धरून वाकले होते. तिनं पाठीवर हात ठेवला तसे दचकून बाजूला सरकले.

"लांब ऱ्हा."

"आबा, लागत नाही."

त्यांनी तोंड पुसलं. उतरत्या उन्हात गोठ्याच्या दगडावर टेकले.

"अर्पिता," ते म्हणाले, "खडा काढला म्हणलं भारतनं. मी बी म्हणलं, बरं. पर पोट सांगून राह्यलंय की ह्यो खडा न्हाई. भारत तोंडाकडं बघत न्हाई माझ्या. तुझी सासू चोरून रडती. तू तर भर पंगतीत खरं बोलणारी. आता का गप हायस?"

यात टोमणा नव्हता. तेच तिला सोसवलं नाही. ती त्यांच्यासमोर खाली मातीत बसली आणि तिनं सगळं सांगितलं. गाठ, पित्ताची नळी, यकृतातले ठिपके, आणि आतली जाळी कशासाठी आहे ते. बरं होण्यासाठी नाही, निभावण्यासाठी. सांगताना तिनं एकदाही वर्गातला आवाज काढला नाही.

रखमाजी ऐकत राहिले. मग एकच विचारलं.

"म्हणजे मला जी व्हती ती कावीळ कुणाला लागणारी न्हवती?"

"नाही आबा."

"पयल्या दिसापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

त्यांनी मान हलवली. उठताना तोल गेला तेव्हा तिनं दंड धरला. या वेळी त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

भारत चिडला. दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. पण संभाजीनगरला जाताना गाडीत बापच त्याला म्हणाला, "तिच्यावर डोळे काढू नको. मी इचारलं, तिनं सांगितलं."

डॉक्टर अरुंधतींनी या वेळी खुर्ची रखमाजींच्या समोर ओढली. गाठ वाढून आता जठराच्या खालचं आतडं दाबत होती. अन्न पुढं सरकत नव्हतं. पोट उघडून नवी वाट जोडता येते, पण ते तुमच्या अंगाला झेपणार नाही, असं त्या म्हणाल्या. नाहीतर पहिल्यासारखीच, फक्त रुंद, अशी एक जाळी या ठिकाणी बसवता येईल. मऊ, पातळ अन्न खाली जाईल. भाकरी, पालेभाजी, मोसंबीच्या फोडी, असलं चोथ्याचं कायमचं बंद. ते जाळीत अडकतं.

"पयली नळी पित्ताची, दुसरी अन्नाची," रखमाजी म्हणाले. "आन् मंग?"

"मग त्या उघड्या राहतील तोवर त्रास कमी. थंडी वाजून ताप आला तर लगेच यायचं, म्हणजे पहिली नळी तुंबली असं समजायचं. पण आजार चालत राहणार, काका. वर्ष म्हणता येणार नाही. महिने आहेत."

भारतनं तोंड फिरवलं. रखमाजींनी थोडा विचार केला. "घालून टाका. जेवणार्‍याला जेवता आलं पायजे, एवढंच. कॅन्सरची ती मोठी औषधं सलाईनमधून सोडत्यात, ती मात्र नको."

दुसरी जाळी बसली. आठवड्याभरात ते पातळ खिचडी, ताक, गाळलेला मोसंबीचा रस घ्यायला लागले. उलट्या थांबल्या. थोडी ताकद आली, तशी एका सकाळी ते म्हणाले, "मला पारावर घेऊन चल." भारत दुकानाला गेला होता. अर्पितानं सुट्टी घेतली होती. ती त्यांना घेऊन निघाली.

मारुतीच्या पारावर पाच-सात माणसं बसली होती. पुंजाराम होते. रखमाजी आल्यावर माणसं जरा सरकली, नेहमीसारखी. तिनं रस्ताभर वाक्य जुळवलं होतं. 'त्या दिवशी मी इथंच सर्वांसमोर चुकीचं बोलले.' ती पुढं झाली, तोंड उघडलं, आणि आवाजच फुटला नाही. नुसता श्वास बाहेर आला.

रखमाजींनी तिच्याकडं बघितलं आणि तेच बोलले. "पुंजाराम, मला कावीळ न्हवती. कॅन्सर हाय पोटात. त्यानं पित्त तुंबून डोळे पिवळे झाल्ते. ह्यो आजार कुणालाच लागत न्हाई, डॉक्टरनं सांगितलंय. दोन नळ्या घातल्यात आत. काही महिने हाय मी. ओट्यावर या बसायला, चहा घ्यायला. एवढंच सांगायला आल्तो."

एक म्हातारा म्हणाला, "असं वंगाळ बोलू नये, रखमाजी." पुंजाराम उठले. त्यांचे ओठ हलत होते. "आरं, मला काय म्हाइत..." एवढंच त्यांना म्हणता आलं. मग त्यांनी रखमाजींचा हात धरला आणि आपल्या शेजारी बसवलं.

सुनेचं नाव रखमाजींनी घेतलं नव्हतं. अर्पिता पाराखाली उभी होती. तिला ठाऊक होतं, ते तिला वाचवत होते. आणि आपण वाचवून घेत होतो.

माणसं यायला लागली. सगळी नाही, काहींना कॅन्सर या शब्दाचीही भीती होती, ती दारातूनच हात जोडून जायची. पण ओटा पुन्हा भरला. पुंजाराम रोज यायचे. एकदा त्यांच्या बेबीनंदानं माहेरी आल्यावर पेज करून आणली आणि बाजूला बसून मीठ कसं पडलं ते विचारलं. अंतरा हळूहळू मांडीवर बसायला लागली. हाडं टोचतात म्हणायची, पण बसायची.

अर्पितानं शाळेतून जमेल तेवढी रजा काढली. खिचडी शिजवून चाळणीतून काढायची, उशीला टेकवून चमच्यानं भरवायची, अंगाला हात लावून ताप बघायची. एका दुपारी भरवता भरवता ती थांबली.

"आबा, त्या दिवशी मी फार चुकले."

रखमाजींनी तोंडातला घास गिळला. "तुला दिसलं ते तू बोललीस. पोरं जेवाया बसली व्हती. तुझी बी पोर व्हती त्यात."

तिचे डोळे भरून आले. तिला वाटलं, त्यांनी माफ केलं. पण ते पुढं बोलले, सावकाश, कडवटपणा न ठेवता.

"पर एक सांगू? जवळ येऊन कानात सांगितलं असतं तरी मी उठलो असतो."

तिनं चमचा भांड्यात ठेवला. इतके दिवस ती 'मला आजार ओळखता आला नाही' यासाठी स्वतःला टोचत होती. पण तो तिचा गुन्हा नव्हताच; ओळखण्यात चूक कोणाच्याही हातून होते. गुन्हा त्या आवाजाचा होता. ती काळजीनं ओरडली होती हे खरं, पण त्या आवाजात थोडा दिमाखही होता, गावासमोर शिकलेलं असण्याचा. ते त्यांना तेव्हाच ऐकू आलं होतं.

"भरव," रखमाजी म्हणाले. "गार होऊन राह्यली खिचडी."

संक्रांतीनंतर थंडी वाजून ताप आला. नळी एकदा साफ करून आणली. दुसऱ्यांदा ताप आला तेव्हा त्यांनी दवाखान्याला नको म्हटलं, आणि डॉक्टर अरुंधतींनी फोनवर दुखण्याची औषधं सांगून ते मान्य केलं. थोड्याच दिवसांत, सकाळच्या वेळी, सोनूबाई पाय चेपत असताना ते गेले. भारत जवळ होता. अर्पिता औषध आणायला भोकरदनला गेली होती.

दहाव्याला घर माणसांनी भरलं. आतल्या खोलीत बायका बसल्या होत्या. द्वारकाबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि अर्पिताच्या पाठीवरून हात फिरवला. "सून असावी तर अशी. लेकीनं केलं नसतं एवढं केलं सासऱ्याचं. शाळेची रजा काढून भरवलं त्यांना. आमच्या सुना बघा, नि ही बघा."

सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणी म्हणालं, जालन्याची पोर, पण खेड्यात कशी रुळली. अर्पितानं मान खाली घातली. बायकांना वाटलं, दुःखानं घातली. ती स्तुती तिला अंगभर टोचत होती. तिनं डोकं वर केलं.

"मावशी, असं म्हणू नका. मीच आबांना भर गावात भट्टीवरून उठवलं. घरात वाळीत टाकलं. त्यांची कावीळ लागणारी नव्हती, आणि मी विचारायलाही गेले नाही."

"त्याचं काय आता, तुला काय ठाऊक व्हतं," द्वारकाबाई सारवासारव करत म्हणाल्या. कोणीतरी सोनूबाईंकडं बघितलं. आता सासू सुनेची बाजू घेईल, जवळ ओढेल, असं सगळ्यांना वाटलं असावं.

सोनूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. कपाळ रिकामं, आवाज बसलेला.

"तिनं केलं ते मी बघितलंय," त्या म्हणाल्या. "ते बी बघितलंय, आन् हे बी बघितलंय."

मग पदर सारखा करत म्हणाल्या, "मला येळ लागंल."

अर्पिता 'हो आई' म्हणाली. बाहेर माणसं खोळंबली होती. ती उठली, पदर खोचला आणि त्यांना पाणी द्यायला गेली.